काठी कोपऱ्यात ठेवा

तुमच्या घरात ते हिरवं पत्रक आहे का?

'डूख: भीतीचा धंदा' असं त्याचं नाव. आठ पानं, हिरवा कागद, मागे चिपळूणचा पत्ता. कुठल्यातरी शिबिरात, बाजारात, एसटी स्टँडवर तुमच्या हातात कुणीतरी ते दिलं असेल. तुम्ही ते वाचून कपाटात टाकलं असेल, किंवा त्यात चुरमुरे बांधले असतील. ते मी लिहिलं आहे. म्हणून आधी विचारते. आठवून ठेवा, शेवटी पुन्हा विचारणार आहे.

मी पत्रकांत वाढले. वडिलांचं छोटं छापखान्याचं दुकान आणि आईच्या हातात सतत घडी घालायचा कागद. इतर मुली पाढे म्हणत तेव्हा मी 'हुंडा घेणाऱ्याला मत देऊ नका' हे वाक्य अक्षर लावून वाचत होते. पत्रकाचा एक नियम मला दुधाबरोबर मिळाला: वाक्य आखूड हवं आणि त्यात शंका नको. डूख म्हणजे मेलेल्या सापाचा जोडीदार सूड घ्यायला येतो ही समजूत. ती मी आठ पानांत झोडपून काढली. सातव्या पानावर लिहिलं: "सापाचा मेंदू तांदळाच्या दाण्याएवढा. त्यात राग मावत नाही. साप मेला की मेला. काठी जाळणे, जागा सारवणे, राख टाकणे हा सगळा भीतीचा खेळ आहे. काठी कोपऱ्यात ठेवा आणि निवांत झोपा."

शेवटच्या वाक्यावर मी खूश होते. वडील म्हणाले होते, "हे वाक्य लोकांच्या तोंडी बसेल." ते बसलं.

मार्चच्या सुरुवातीला एक पाकीट आलं. आत वहीचं एक पान.

"ताई, तुमच्या पत्रकाचं सातवं पान मी घरात मोठ्यानं वाचलं. त्यानंतर माझा दीर साप चावून गेला. घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. माझं चुकलं का? जे असेल ते लेखी कळवा. अश्विनी, करकंब, तालुका पंढरपूर."

उत्तर लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथा घेतलाच नाही, पिशवी भरली. पण त्या घरात जाऊन सांगायचं काय? मी बरोबर होते की चूक, हे मलाच माहीत नव्हतं. म्हणून आधी सोलापूर.

जुळे सोलापूर

घाट चढला की आमचं हिरवं संपतं. पुढे तासन् तास जमीन, आणि तिच्यावर ऊन. सोलापुरात उतरले तेव्हा हवा तव्यावरून उठल्यासारखी होती.

जुळे सोलापुरात सिद्राम राहतो. दिवसा तो दुचाकींच्या शोरूममध्ये सर्व्हिसच्या नोंदी करतो, बाकी वेळ लोकांच्या घरातले साप धरतो. ओळख फोनवरची. त्याच्या बायकोने समोर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही ठेवलं. भाकरी पापडासारखी मोडते. आमच्याकडे भाकरी कडक झाली तर गुरांना जाते. इथे ती मुद्दाम कडक करतात, महिनाभर टिकावी म्हणून. मी दोन खाल्ल्या. चटणीने कान तापले.

सिद्रामचा फोन वाजला. पलीकडच्या माणसाशी तो कानडीत बोलला, मग मराठीत, "हात लावू नका, फक्त नजर ठेवा. मी येऊलालो." जाताना दारातल्या नळावर त्याने लोखंडी हुक साबणाने घासून धुतला. साप उचलायची ती लांब सळई, टोकाला वाकवलेली.

"निघतानाच धुता?" मी विचारलं.

"दुपारी धामण उचललीय ह्यानं. एका सापाचा वास घेऊन दुसऱ्याकडं जायचं न्हाय, ताई. समोरचा बिथरतो."

"बिथरतो म्हणजे?"

"म्हणजे नीट वागत न्हाय की." तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "तुमचं पत्रक वाचलंय मी. एक इचारू? लिहायच्या आधी साप धरणाऱ्या कुणाला इचारलं व्हतं का?"

"पुस्तकं वाचली होती."

"बरं," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

धामण आणि सुकट

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्राम मला एका कॉलेजात घेऊन गेला. सुजाता मॅडम तिथे प्राणिशास्त्र शिकवतात. घरी तेलुगू, वडील हातमागावर चादरी विणायचे. बोलताना त्या समोरच्याच्या वाक्यातला धागा ओढून बघतात, तुटतो का ते. मी त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि कपाटातून एक बरणी काढली.

आत पिवळट पाण्यात नागाचा मेंदू होता. मी तांदळाचा दाणा लिहिला होता. तो दाण्यापेक्षा लांब होता, आणि पुढे दोन दांड्या, त्यांच्या टोकाला फुगवटे.

"हे फुगवटे वासाचे," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्या मेंदूच्या मानाने किती मोठे आहेत बघा. साप जीभ काढतो ती चाटायला नाही. जिभेच्या दोन टोकांवर जमिनीवरचे कण उचलतो, आत नेतो. टाळूत दोन बारीक भोकं आहेत. तिथून निरोप इथे मागे येतो. नाकातला वास एका कंदात, म्हणजे फुगवट्यात, जिभेवरचा दुसऱ्या कंदात. नवीन वास आला की तिथे विजेच्या लहरी उठतात. कासवांच्या मेंदूत तारा लावून त्या मोजलेल्या आहेत. आपण डोळ्यांनी रस्ता बघतो. हा जिभेने बघतो."

सिद्रामने आदल्या दिवशी धरलेली धामण जाळीच्या पेटीत होती. ती आणि सिद्रामने दुसऱ्या एका बरणीत ठेवलेला जिवंत नाग दुपारी माळावर सोडायचे होते. धामण बिनविषारी. मॅडमनी मला कापसाच्या काड्या दिल्या. एक साध्या पाण्यात बुडवायची, एक उंदराच्या बिळातल्या मातीत घोळवायची. जाळीजवळ धरायची आणि मिनिटात जीभ किती वेळा येते ते मोजायचं.

पहिली पाण्याची. पाण्याला जीभ फारशी येणार नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या. धामणीची जीभ सुईसारखी चालू लागली. ती पुढे आली, जाळीला नाक लावलं. मॅडमच्या कपाळावर आठी. त्यांनी माझा हात धरून हुंगला.

"सकाळी काय खाल्लंत?"

आईने बरोबर सुकटीची, वाळवलेल्या मासळीची, चटणी दिली होती.

"कोकण पोचलं की ओ तिच्या मेंदूत," मॅडम म्हणाल्या. सिद्राम खिडकीकडे तोंड करून हसत होता. मला तीन वेळा हात धुवायला लावले. मग पाण्याच्या काडीकडे धामणीने ढुंकून पाहिलं नाही, आणि बिळातल्या मातीला तिची जीभ थांबेना.

मी हसले नाही. बोटांवरचा वास मला येत नव्हता. मी तो घेऊन आले, आणि समोरच्या मेंदूत काहीतरी पेटलं, आणि मला पत्ताच नाही.

"सूड कुठे राहतो ह्यात?" मी मेंदूच्या बरणीकडे बोट केलं.

"मला सापडलेला नाही. वासाची आठवण असते. पण 'ह्या माणसाने माझ्या जोडीदाराला मारलं' हे वाक्य इथे मावत नाही."

"म्हणजे माझं बरोबर आहे."

"अर्धं. फेब्रुवारीत नागांच्या माद्या माग सोडतात. कातड्यावर तेलकट असतं काहीतरी, ते जमिनीला लागतं. नर तो माग जिभेने वाचत येतो. मादी जिवंत आहे की काठीला लागलेली आहे, हे त्याला कुठे कळतंय? त्यात मरताना साप घाण सोडतो, तिचाही वास. शेणाने सारवलं, राख टाकली, काठी जाळली, की माग पुसला. म्हाताऱ्या बायकांना कारण माहीत नव्हतं. काम माहीत होतं."

"मग तो साप त्या काठीमुळेच आला?"

"आला असेल."

"मॅडम, मला हो किंवा नाही सांगा. एका बाईचा संसार अडकलाय त्यात."

"म्हणूनच सांगत नाही. उंदरामागे आला असेल. गारव्याला आला असेल. काठीमुळे आला असेल. शपथेवर मी एवढंच सांगीन." त्यांनी बरणी जागेवर ठेवली. "तुम्हा पत्रकवाल्यांना 'असेल' हा शब्द चालत नाही ना?"

माळ

दुपारी आम्ही तिघं शहराबाहेरच्या माळावर गेलो. कुसळं, दगड, एखादी बाभूळ. माझ्या पायात सँडल पाहून सिद्रामने त्याचे गमबूट दिले, आणि मी बदकासारखी चालत राहिले.

सिद्रामच्या बरणीतला नाग नर होता; शेपटीच्या लांबीवरून ओळखतात. सिद्रामजवळ आज दोन हुक होते. एक धुतलेला. दुसऱ्याने त्याने त्याच सकाळी एका गोदामातून नागाची मादी उचलून दूरच्या ओढ्याला सोडली होती, आणि तो मॅडमच्या सांगण्यावरून धुतला नव्हता. दोन्ही हुक त्याने माळावर आडवे टाकले, आम्हाला लांब उभं केलं आणि बरणीचं झाकण काढलं.

नाग बाहेर आला. फणा काढला नाही. धुतलेल्या हुकावरून तो सरळ ओलांडून गेला, वाटेत गवताची काडी असावी तसा. दुसऱ्या हुकाजवळ थांबला. जीभ आत-बाहेर होऊ लागली, मोजता येऊ नये इतकी भराभर. मग त्याने हनुवटी लोखंडाला टेकवली आणि झटके देत सळईच्या लांबीने जाऊ लागला. टोकापर्यंत गेला. वळला. पुन्हा परत आला.

आम्हा तिघांपैकी कुणाकडेही त्याने पाहिलं नाही. आमच्याशी त्याचं काही वैर नव्हतं. तो वाचत होता.

मी लिहिलेल्या वाक्यात फक्त एक काठी होती आणि एक कोपरा. आता त्या कोपऱ्यात मला जीभ दिसत होती.

"काठी काय अशी लोखंडाची नसती," सिद्राम हळूच म्हणाला. "लाकडात वास जास्त मुरतो."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं.

करकंब

तिसऱ्या दिवशी एसटीने करकंब. त्या दिवशी बाजार होता. मिरच्यांचे ढीग, उसाच्या ट्रॉल्या, रसवंतीची घुंगरं. गावापासून दोन किलोमीटरवर शेतातली वस्ती. पत्र्याचं घर, बाजूला गोठा, पुढे चिंच.

अश्विनी तेवीस-चोवीसची. ओळख सांगितली तेव्हा तिचा चेहरा हलला नाही, जणू ती मला रोजच बघत होती. "या," म्हणाली. पाणी दिलं. पडवीत तिची सासू, गयाबाई, सुपात ज्वारी पाखडत बसली होती. मला पाणी देताना अश्विनीने दुसरा तांब्या तिच्याजवळ ठेवला. गयाबाई उठली, आत गेली, माठातून स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायली आणि परत सूप घेऊन बसली. भरलेला तांब्या तसाच राहिला. नवरा विलास आला, मला नमस्कार केला, आणि चहाचं भिंतीला उद्देशून बोलला. पाच आठवडे हे असं चाललं होतं.

घडलं ते अश्विनीने मला गोठ्याकडे नेऊन सांगितलं. विलासने गोठ्याजवळ नागीण मारली. गयाबाई शेण आणायला निघाली, काठी चुलीत घाला म्हणाली. अश्विनीजवळ कॉलेजच्या शिबिरात मिळालेलं पत्रक होतं. तिने सातवं पान मोठ्याने वाचून दाखवलं. धाकटा दीर दत्ता हसला. तो तिच्याच वयाचा, तिच्याच बाजूचा. "वहिनी म्हणत्यात ते खरं हाय," म्हणाला आणि काठी उचलून विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, तो झोपायचा तिथे, कोपऱ्यात उभी केली. वर माझं वाक्यही म्हणाला: निवांत झोपा. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरं सोडायला त्याने काठीला हात घातला. काठीच्या बुडाशी नाग होता.

"गाडीवर मधे बसवून आमी लगेच निघालो," ती म्हणाली. "मंत्रबिंत्र काय केलं न्हाय. तुमच्या तिसऱ्या पानावर लिवलंय ना, थेट दवाखाना. पण कारखान्याच्या ट्रॉल्या. एकीचं चाक निखळून आडवी पडलेली, बाजूनं गाडी बी निघंना. दोन तास. दवाखाना दिसत व्हता, ताई."

ती रडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आता सांगा. माझं चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले. "माझं चुकलं. हे त्यांच्यासमोर सांगायला आलेय."

पडवीत येऊन मी गयाबाईसमोर बसले. मी कोण हे कळल्यावर तिने सूप खाली ठेवलं. आत गेली, आणि दत्ताच्या फोटोमागून हिरवा कागद काढून आणला. जाळला नव्हता. सातवं पान वर येईल असा दुमडलेला होता.

"वाचा," ती म्हणाली.

"आजी, मला..."

"तुमीच लिवलंय न्हवं? मग तुमच्या तोंडानं वाचा की. तिच्या तोंडानं ऐकलंय."

मी वाचलं. सभांमधून, चौकांतून मी ते पान कितीदा वाचलं असेल, टाळ्याही घेतल्या आहेत. शेवटच्या वाक्याआधी मी कागद खाली घेतला. ती थांबून राहिली. मी ते वाचलं. काठी कोपऱ्यात ठेवा आणि निवांत झोपा.

"झोपला," गयाबाई म्हणाली.

विलास उंबऱ्यात उभा होता. मी जे सांगायचं ते सगळं सांगितलं. जीभ, टाळू, मेंदूतले कंद, हुकावरून परत परत जाणारा नाग. साप सूड घ्यायला आला नव्हता. वासाने आला असेल. 'असेल' हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडाने म्हटला. सारवणं बरोबर होतं, काठी जाळणं बरोबर होतं, फक्त त्यामागचं कारण वेगळं होतं. आणि चूक माझी. "अश्विनीनं फक्त वाचलं."

"तुमी लिवलं," गयाबाईने बोटं मोजावीत तसं म्हटलं. "तिनं वाचलं. त्यानं ऐकलं. आनि म्या गप बसले. म्या का गप बसले ते कुनी इचारत न्हाय."

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"शेनाची पाटी हातात व्हती माझ्या. पर कागदावर लिवलंय म्हनल्यावर आपन काय बोलायचं? मला वाचता येत न्हाय." तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "माझ्या सासूनं शिकवलं व्हतं. धा-बारा साप मेले आसतील ह्या वस्तीवर. एकदा बी दुसरा आला न्हाय. पर ते कुटं लिवलंय?"

अज्ञानाविरुद्ध लढायचं म्हणून आम्ही पत्रकं काढतो. मी त्या कागदाने इथल्या एकमेव जाणत्या माणसाचं तोंड बंद केलं होतं. 'हे तुम्ही का करता?' एवढा एक प्रश्न मी कुठल्याही गयाबाईला विचारला असता, तर सातवं पान वेगळं झालं असतं.

"वास म्हना, डूख म्हना," ती म्हणाली. "पोरगं कुटं हाय?"

अश्विनी तिच्या पत्रातलंच पुन्हा म्हणाली, "लेखी द्या." ह्या घरात कागदावरचं खरं मानलं जातं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी त्याच पत्रकाच्या कोऱ्या जागेत लिहिलं: सातव्या पानावरचा मजकूर अपुरा आणि चुकीचा आहे. तो मी न विचारता लिहिला. त्याचा दोष माझा, वाचणारीचा नाही. खाली नाव, सही, तारीख. अश्विनीने तो कागद घेतला आणि विलासपुढे धरला. त्याने उभ्या उभ्या वाचला आणि तिच्याच हातात परत दिला. ह्या वेळी भिंतीकडे पाहिलं नाही.

मी निघाले. चिंचेपर्यंत गेले असेन, मागून गयाबाईचा आवाज आला. मला नव्हता तो.

"वाच."

पाच आठवड्यांत सुनेशी बोललेला पहिला शब्द. अश्विनी वाचू लागली. मी पाठमोरीच उभी राहिले. वाचून झाल्यावर मी वळून पाहिलं. गयाबाई उठली होती. पाण्याच्या तांब्याला तिने हात लावला नाही. ती गोठ्याकडे गेली आणि शेणाची पाटी घेऊन विहिरीवरच्या त्या खोलीकडे चालू लागली. पाच आठवडे उशिरा. अश्विनी थोडी थांबली, मग राखेचं घमेलं उचलून तिच्या मागे, चार हात अंतर ठेवून, गेली.

पुढे काय झालं मला माहीत नाही. समेट झाला असं मी लिहिणार नाही. न पाहिलेलं लिहायचं नाही, एवढं तरी आता शिकले आहे.

म्हणून पुन्हा विचारते. ते हिरवं पत्रक तुमच्या घरात आहे का? असेल तर आज काढा. फाडू नका; तिसरं पान खरं आहे, साप चावला की थेट दवाखाना, वाटेत कुठेही थांबायचं नाही. सातवं पान उघडा. 'साप मेला की मेला' पासून 'निवांत झोपा' पर्यंत पेनाने आडवी रेघ मारा. समासात लिहा: साप मारू नका, साप धरणाऱ्याला बोलवा. चुकून मेलाच, तर जागा सारवा, राख टाका, काठी घरात आणू नका. साप सूड घेत नाही, पण वासाने दुसरा येत असेल.

'असेल' गाळू नका.

आणि मग ते पान, तुमच्या घरात ज्या बाईला वाचता येत नाही, तिला मोठ्याने वाचून दाखवा. वाचून झाल्यावर लगेच उठू नका. तिला काय म्हणायचंय ते विचारा, आणि ती सांगेल ते मागच्या पानावरच्या पत्त्यावर मला लिहून पाठवा.